चौकटीच्या चार कडा

लातूरची गंजगोलाई एका फोटोत मावत नाही. मधोमध जगदंबेचं मंदिर, त्याला वेढून उभी असलेली गोल दुमजली इमारत आणि त्या गोलाला येऊन भिडणारे 16 रस्ते. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यातून आलेली ही 1917 सालची गोलाई वरून पाहिली तर चाक आणि त्याच्या आऱ्या दिसाव्यात अशी आहे. पण आपण उभे असतो जमिनीवर, ऑटो, हातगाडे आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत.

नव्या पाहुण्याचं काय होतं ते पाहा. तो फोन वर करतो, सगळं बसत नाही म्हणून दोन पावलं मागं सरकतो, मागून ऑटोचा हॉर्न वाजतो, दचकून पुढं येतो आणि बटण दाबून मोकळा होतो. फोटोत निम्मा रस्ता, डावीकडे अर्धी मोटारसायकल, वर तारांचं जाळं, उजवीकडे साड्यांच्या सेलचा फलक आणि या सगळ्यातून कसाबसा डोकावणारा कळस. कशाचा फोटो काढलात असं विचारलं तर तो ‘गोलाईचा’ म्हणेल. फोटो पाहणारा मात्र तसं म्हणणार नाही.

यात फोनचा दोष नाही. आपल्या डोळ्याला बारीक तपशिलासह स्पष्ट दिसतं ते फार थोडं असतं. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या नखाएवढाच भाग एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. नजर इकडून तिकडे उड्या मारते, मेंदू तुकडे जुळवतो आणि नको ते परस्पर सोडून देतो. कळसाकडे पाहताना तारा आपल्याला जाणवतच नाहीत. कॅमेऱ्याला कळस आणि तार सारखेच. मेंदू आपल्या नकळत जे काम करतो, ते फोटो काढताना आपल्याला जाणूनबुजून करावं लागतं. फोटोच्या रचनेबद्दल जाडजूड पुस्तकं आहेत, पण नवशिक्याच्या कामाचा त्यातला बहुतेक भाग एका प्रश्नात येतो: काय गाळायचं?

त्यासाठी एकच सवय लावून घ्या. बटण दाबण्याआधी स्क्रीनच्या चारही कडांवरून नजर फिरवा. वरची कड, उजवी, खालची, डावी. दोन सेकंद पुरतात. विषयाकडे आपण पाहतोच, त्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. अर्धं कापलेलं चाक, कुणाचा तरी कोपर, पाण्याची रिकामी बाटली, विजेचा खांब हे सगळे कडांवरून आत शिरतात. एकदा दिसले की उपाय सोपा असतो. फोन थोडा डावीकडे, किंवा तुम्ही एक पाऊल पुढं.

आता गोलाईकडे परत जाऊ. ती एका फोटोत मावत नाही हे मान्य केलं की काम हलकं होतं, कारण मग तुकडा निवडता येतो. गोलाईचं वैशिष्ट्य तिचा बाक. रस्त्याच्या मधोमध उभं राहिलात तर तो दिसत नाही; एखाद्या दुकानदाराला विचारून वरच्या मजल्यावर गेलात तर समोरची दुकानं वळत गेलेली दिसतात, आणि आभाळ जवळजवळ बाहेर ठेवून फक्त तो बाक घेता येतो. किंवा सकाळी लवकर जा. शटर बंद असतात, फलकांचे दिवे विझलेले असतात आणि इमारत स्वतःच्या रूपात दिसते. किंवा इमारत सोडाच. गोलाईच्या रस्त्यांवर सोन्याचांदीपासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं मिळतं. गुळाच्या ढेपेजवळ फोन इतका खाली न्या की पुढं ढेप आणि मागं लांबवर धूसर कळस येईल. फोटोत दोनच वस्तू आहेत, पण जागा कळते. ‘गोलाईचा फोटो’ म्हणावं तर मी या फोटोला म्हणेन.

‘सगळं आलं पाहिजे’ हा आग्रह आपल्याकडे जरा जास्तच आहे. लग्नाच्या ग्रुप फोटोत मावसभावाचा साडू राहिला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, हे खरं. तो फोटो म्हणजे हजेरीपट असतो आणि त्याचं काम वेगळं. तिथंही एक गोष्ट सांभाळा. फोनमधली सर्वांत रुंद लेन्स, म्हणजे 0.5 लिहिलेली, कडेला उभ्या माणसांना ताणून रुंद करते. कडेला उभी असलेली सडपातळ काकू फोटोत दुप्पट दिसते आणि फोटोग्राफरशी बोलणं टाकते. जागा असेल तर मागं सरका आणि साध्या 1 च्या लेन्सनं काढा; नसेल तर दोन रांगा करा.

मागं-पुढं सरकणं हे झूमसारखंच, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो का चुकीचा आहे, हे चेहऱ्यावर सर्वांत स्पष्ट दिसतं.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना ढेलज असते. मोठ्या दारातून आत आल्यावर, अंगणाच्या अलीकडची, माळवदाखालची बसायची जागा. सुट्टीला आलेली नात तिथं बसलेल्या आजीचा फोटो काढायला जाते. ‘अगं, कशाला काढायलीस माझा फोटू? तोंड तरी धुऊ दे की,’ आजी म्हणते, आणि पदर सारखा करून ताठ बसते. नात फोन हातभर अंतरावर धरते. फोटो येतो त्यात आजीचं नाक मोठं, कान बारीक, आणि डोक्यामागून बँकेचं कॅलेंडर उगवलेलं.

हिशेब साधा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण 12 सेंटीमीटर मागं असतात. फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर असेल तर कान 42 वर, म्हणजे नाकापेक्षा 40 टक्के जास्त दूर, आणि त्या मानानं ते लहान दिसणार. तोच फोन दीड मीटरवर नेला तर नाक 150 वर, कान 162 वर. फरक फक्त 8 टक्के. चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा दिसू लागतो. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, लेन्सवर नाही. झूम फक्त त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवतो. म्हणून चेहऱ्यासाठी क्रम असा: आधी दीड-दोन मीटर मागं जा, मग 2 किंवा 3 चा झूम लावा.

नातीनं दोन पावलं मागं जाऊन झूम लावला की आणखी एक फायदा होतो, मागची भिंत आता कमी रुंद दिसते. आजीचा पाट हातभर दाराकडे सरकवला की कॅलेंडर चौकटीबाहेर जातं. स्वतः जमिनीवर बसली की फोन आजीच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत बसलेलं माणूस उगाच दबलेलं दिसतं. राहिला उजेड. ढेलजेत ऊन थेट येत नाही, पण उघड्या दारातून अंगणाचा सगळा उजेड एका बाजूनं येतो. जितक्या मोठ्या पृष्ठभागावरून उजेड येईल तितकी सावली मऊ पडते, आणि उघडं दार म्हणजे चेहऱ्याच्या मानानं भलामोठा पृष्ठभाग. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले नट-नट्यांचे चेहरे आठवा. ‘चेहरे’ या त्यांच्या पुस्तकातलं मार्दव पाहून लोकांना वाटतं, केवढी यंत्रसामग्री लागत असेल. स्टुडिओत ती लागते. ढेलजेत दार लागतं.

‘आजी, दाराकडं बघ की जरा.’

‘कोण आलंय?’ म्हणत आजी वळते. फोटोसाठी ताठ झालेली मान सैल पडते, डोळ्यांत दाराचा उजेड येतो. बटण तेव्हा दाबायचं.

बाहेरच्या उन्हाचं गणित मात्र कडक आहे. लातूर 18.4 आणि नांदेड 19.2 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथं दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैत बहुधा ढग आडवे येतात, मेमध्ये सुटका नसते. भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, डोळ्यांच्या जागी काळे खळगे दिसतात. एक ठोकताळा सांगतो: तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तेव्हा बाहेर फोटो काढा. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून 45 अंशांच्या खाली असतो. सावली आखूड झाली की झाडाखाली, ओसरीत, देवळाच्या मंडपात शिरा.

कोरीवकामाला तर तिरपं ऊन लागतंच. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं किंवा निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिर भर दुपारी पाहिलं तर बाह्यभिंतीवरच्या मूर्ती सपाट, भिंतीला चिकटवल्यासारख्या दिसतात. सकाळी किंवा उतरतीला, ऊन भिंतीला घासून जात असतं तेव्हा, बांगडीची कड, कमरपट्ट्याची साखळी, बोटांची पेरं सुटी होतात. कोणत्या भिंतीवर केव्हा ऊन येतं हे आधी दिशा पाहून ठरवता येतं. पूर्वेची भिंत सकाळची, पश्चिमेची संध्याकाळची. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिच्यासाठी उन्हाळ्यातल्या सकाळी राखून ठेवा. अख्खं मंदिर आणि एकेक मूर्ती एकाच फोटोत आणायला जाऊ नका. मंदिराचा एक काढा, मग जवळ जाऊन एका मूर्तीचा काढा आणि तिच्या पायाजवळची पाटी, नारळाच्या करवंट्या, उदबत्तीचं पुडकं कडेबाहेर ठेवा.

औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांत अडचण उलटी. आत अंधार, दारात लख्ख उजेड. आतून दाराकडे फोन धरला की फोन गोंधळतो. आतलं दाखवायला गेला तर बाहेरचं पांढरंफटक होतं. इथं फोनला तुम्ही सांगायचं. स्क्रीनवर बाहेरच्या उजळ भागावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. लेणं काळं होईल, आणि दाराची काळी कड आपोआप एक चौकट बनेल. आता त्या उजेडात कुणीतरी येऊन उभं राहीपर्यंत थांबा. नुसता उजेड पाहून डोळा परत फिरतो. माणूस आला की तिथं थबकतो. फक्त त्याच्या आकाराभोवती मोकळी जागा असू द्या, हात धडापासून सुटे दिसू द्या, नाहीतर काळा ठोकळा येतो.

या टप्प्यावर वाचकाला तीन भागांचा नियम आठवला असेल, कारण फोटोग्राफीच्या कुठल्याही शिकवणीत तो पहिल्या दिवशी येतो. चौकटीचे आडवे तीन आणि उभे तीन समान भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट रेषांवर किंवा त्या छेदतात तिथं ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ चालू केलं की त्या रेषा दिसतात. हा नियम फोटोग्राफीहून जुना आहे. 1797 साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात तो मांडला. फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला 1839 मध्ये. स्मिथचा मुद्दा जमीन-आभाळाच्या वाटणीचा होता: दोघांना निम्मं निम्मं देऊ नका, कुणाला तरी जास्त द्या. मराठवाड्याच्या सपाट मुलखात हे फार उपयोगी पडतं. आभाळात पावसाचे ढग दाटून आले असतील तर त्याला दोन भाग द्या आणि शेताला एक. मेमधलं कोरं पांढरं आभाळ असेल तर त्याला पट्टीभर जागा द्या, किंवा देऊच नका.

पण ग्रिडच्या रेषा नियम म्हणून पाळू लागलात की फोटो सगळे एकाच साच्यातले निघतात. नांदेडचं सचखंड श्री हुजूर साहिब समोरून पाहा. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात हा गुरुद्वारा बांधवला. डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब वाटावी अशी समोरची रचना; तिला एक तृतीयांशावर नेऊन बसवणं म्हणजे बांधणाऱ्याशी भांडणं. इथं मधोमध उभे राहा, आणि अगदी मधोमध. अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला खुपतं. फरशी धुतल्यावर ओली असेल तर फोन जमिनीजवळ नेऊन खालचं प्रतिबिंब घ्या. पांढरा संगमरवर फोनला फसवतो. एवढा उजेड पाहून तो फोटो अंधारा करतो आणि संगमरवर मळकट राखाडी येतो. सूर्याचं चिन्ह या वेळी वर ओढायचं. डोकं झाकलेलं हवं, आणि आत जिथं फोटोला मनाई आहे तिथं फोन खिशात हवा.

कंधारच्या किल्ल्याला चहूबाजूंनी खंदक आहे, राष्ट्रकूट काळापासूनचा वारसा सांगणारा हा किल्ला. खंदकात पाणी असेल आणि वारा पडलेला असेल तेव्हा तटबंदी पाण्यात उतरते. तिथंही स्मिथचा नियम मोडा, पाण्याची रेघ बरोबर मध्यावर ठेवा. वारा सुटला आणि प्रतिबिंब विस्कटलं की मात्र पाण्याला एवढी जागा द्यायचं कारण राहत नाही. रेघ खाली आणा.

रचना जमली की नाही हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. नांदेड-लातूरचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्या काळचा कॅमेरा लाकडी पेटीएवढा, तिकाटण्यावर उभा. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून मागच्या घासलेल्या काचेवर चित्र पाहायचा, आणि ते चित्र उलटं दिसायचं. माणसं डोक्यावर उभी, कमानी खाली लोंबलेल्या. उलट्या चित्रात ओळखीचे चेहरे पटकन ओळखू येत नाहीत; दिसतात ते फक्त काळे-पांढरे आकार आणि त्यांचा तोल. तुमचा फोटो तसाच उलटा करून पाहा. फोन आपोआप स्क्रीन फिरवतो, म्हणून आधी ऑटो-रोटेट बंद करा. उलट्या फोटोत नजर आधी कुठं जाते? ती कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीवर गेली, तर सुलट्या फोटोतही तिथंच जाते. फक्त आपण आजीकडे पाहत असल्यानं आपल्याला ते कळत नव्हतं.

स्थिर गोष्टींपुरतं हे ठीक. गर्दी आणि वेग आला की कडांवर नजर फिरवायला वेळ मिळत नाही. मग ते काम आधी उरकून ठेवावं लागतं.

नांदेडला होला मोहल्ल्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत निळ्या वेषातले निहंग, घोडे, निशाण आणि तलवारी घेऊन धावणारे तरुण येतात. धावणाऱ्यामागं फोन घेऊन धावलात तर पाठी आणि धुळीचे फोटो मिळतील. अनुभवी फोटोग्राफर तासभर आधी येऊन जागा शोधतो. रस्ता वळतो ती जागा बरी, कारण तिथं मिरवणूक समोरून येते आणि मग आडवी जाते. मागं काय येईल, पोलिसांचं बॅरिकेड की झाडं, हे तेव्हाच पाहून ठेवायचं. चौकट रिकामी लावून ठेवायची आणि माणसं तिच्यात येऊ द्यायची. धावणारा चौकटीत शिरताना त्याच्यापुढं मोकळी जागा राहील असं बटण दाबा. कडेला नाक टेकलेला धावपटू भिंतीवर आदळणार असं वाटतं. फोनचं बटण दाबून धरलं की बऱ्याच फोनवर एकामागून एक फोटो निघतात (आयफोनवर बटण डावीकडे ओढावं लागतं). घोड्याचे चारही पाय जमिनीला टेकलेले असतील तो फोटो मेलेला दिसतो, त्यामुळे दहांतला एक निवडायची सोय हवीच.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गोष्ट आणखी अवघड. मार्गशीर्षाच्या वद्यात भरणारी ही यात्रा घोड्यांच्या, गाढवांच्या बाजारासाठी आणि तमाशा-लावणीसाठी नावाजलेली. पाच मिनिटांत माणूस भांबावतो: पाळणे, भंडारा, वाघ्या-मुरळी, जनावरं, कर्णे. नवशिक्याच्या फोनमध्ये त्या दिवशीचे चारशे फोटो असतात आणि प्रत्येकात सगळं थोडं थोडं असतं. मी सुचवेन की एकच विषय धरून जा. फक्त घोडे आणि त्यांचे मालक, किंवा फक्त भंडारा. भंडारा उधळला जातो तेव्हा तुमची पाठ सूर्याकडे असेल तर हवेतली हळद फिकी दिसते. सूर्य उधळणाऱ्याच्या मागं घेतलात, आणि त्यामागं गडद राहुटी किंवा झाड आलं, की कण न् कण पेटल्यासारखा दिसतो. त्यानंतर लेन्स मऊ कापडानं पुसा, बोटानं नको.

लावणीचं स्टेज समोरून सगळेच काढतात. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक मिळालं तर चाळा. फडावरच्या माणसांच्या आयुष्यात जाऊन केलेलं काम आहे ते. तिथवर पोचायला आधी बोलावं, बसावं, चहा घ्यावा लागतो. फोन काढायच्या आधी नाव विचारणं हा रचनेचाच भाग आहे असं मला वाटतं, कारण ओळख झाली की माणूस पोझ सोडतो आणि तुम्ही चार पावलं जवळ जाऊ शकता. राहुटीत नको म्हणाले तर नको.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या हंगामात वेगळाच धडा मिळतो. एकसारखे ढीग, एकसारखी पोती, थप्पीवर थप्पी. पुनरावृत्ती डोळ्याला आवडते, पण नुसती असेल तर तो लगेच कंटाळतो. पोत्यांनी सगळी चौकट कडेपर्यंत भरा, म्हणजे ती बाहेरही तशीच पसरली असतील असं वाटतं, आणि एकच गोष्ट वेगळी येऊ द्या. थप्पीवर विसावलेला हमाल, ढिगात रुतलेलं पाऊल, सांडलेलं धान्य झाडणारी बाई. रेघेचंही असंच आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं. लांब गाडी दूर जाऊन बारीक होत जाणारी रेघ देते आणि नजरेला ओढून नेते. कुणालाही जमेल असा फोटो. पण रेघेच्या टोकाला काही नसेल तर नजर तिथवर जाऊन रिकामी परतते. नळावर नंबर लावलेल्या घागरींची रांगही रेघच. तिच्या टोकाला तोटी असते आणि तोटीशी हात. मला दुसरी रेघ जास्त बोलकी वाटते. (रुळांत उभं राहून फोटो काढणं गुन्हा आहे आणि जिवावरचं आहे. सहस्रकुंडच्या धबधब्याच्या कपारीलाही हेच लागू. धबधब्याची उंची दाखवायला समोरच्या काठावर दूर उभं असलेलं माणूस घ्या; कड्यावर कुणाला उभं करू नका.)

दुःखाच्या जागी गाळण्याला आणखी वजन येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तेव्हा खिशात फोन नव्हते. आज अपघात झाला की मदतीच्या आधी कॅमेरे पोचतात, म्हणून हे नवशिक्यालाही सांगायला हवं. 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा रघु राय यांचा फोटो जगानं पाहिला आहे: पुरल्या जाणाऱ्या लहान मुलाचा चेहरा आणि माती सारणारा हात. त्याच मुलाचा रंगीत फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही काढला. चौकटीत कारखाना नाही, शहर नाही, गर्दी नाही. इतकं गाळल्यावर जे उरलं त्यानं ती घटना लोकांच्या स्मरणात रोवली. इतका जवळचा फोटो काढण्याचा हक्क प्रत्येकाला प्रत्येक वेळी असतो असं नाही. ज्याचं दुःख आहे त्यानं हा फोटो पाहिला तर, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर अडलं तर चेहरा कडेबाहेर ठेवा. घट्ट धरलेले हातही पुष्कळ सांगतात.

काही गोष्टी काढताना सुटतात आणि घरी आल्यावर दिसतात. त्यांच्यासाठी क्रॉप आहे, आणि त्यात कमीपणा नाही. आधी मूळ फोटोची प्रत करा, मग चारही कडा एकेक करून आत ओढा आणि प्रत्येक कडेपाशी विचारा, इथून आणखी काही गेलं तर बिघडेल का? नाही बिघडत तोवर ओढत राहा. क्षितिज कललं असेल तर इथंच सरळ करा. मात्र क्रॉपची किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरले तर तो सुमारे 13 बाय 10 इंचांपर्यंत जातो. निम्मं क्षेत्र कापलं तर 9 बाय 7 इंच उरतात, भिंतीवरच्या लहान फ्रेमला पुरेसे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं आलेला फोटो मात्र आधीच दाबून लहान केलेला असतो. स्टुडिओत प्रिंटला द्यायचा तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या, आणि फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला आधी विचारा की पट्टी चारही बाजूंनी फोटोचा किती भाग झाकणार आहे. बहुधा पाव इंच झाकते. तेवढी जागा क्रॉप करताना सोडावी लागते.